चार बिंदूंचा गोल

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी फुकट आली आहे. लेथची हत्यारं विकणाऱ्या एका कंपनीने वाटली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलाय. आजचा आहे, 'गुणवत्ता हाच आमचा श्वास'. या लोकांनी आमच्या चर्लापल्लीच्या औद्योगिक वसाहतीत येऊन एकदा श्वास घेऊन बघावा.

लिहायची कल्पना गोविंदरावांची. म्हणाले, फॅक्टरीचं सगळं रोज मला सांगण्यापेक्षा लिहून ठेवत जा. वकील माणूस. जन्मभर लोकांचं ऐकून घ्यायची फी घेतली, बायकोचं फुकट ऐकायचं जिवावर येतं.

तर बातमी अशी की आमच्या मोजणीच्या खोलीत मोठ्या यंत्राला नवं डोकं बसलं आणि त्याच आठवड्यात विभागालाही नवा प्रमुख मिळाला. जुने साहेब नोव्हेंबरात निवृत्त झाले. मी इथे बावीस वर्षं तपासनीस आहे, प्रत्येक रिंगच्या कागदावर माझं दस्तखत असतं, त्यामुळे त्यांच्या जागी पुण्याहून माणूस मागवणं ओघानेच आलं. हर्षद, वय एकोणतीस. स्टीलची बाटली घेऊन फिरतो आणि प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू करतो.

९ जानेवारी, गुरुवार

आज मला माझं काम शिकवण्यात आलं.

आमचं सीएमएम म्हणजे ग्रॅनाइटच्या टेबलावर उभी मोठी चौकट. तिच्यातून एक सळई खाली येते, सळईच्या टोकाला माणकाचा इवलासा मणी. मणी वस्तूला टेकला की यंत्र टक् करतं आणि तो बिंदू नेमका कुठे आहे ते टिपून घेतं. आम्ही ऑक्सिजनच्या यंत्रातल्या कॉम्प्रेसरसाठी पातळ रिंगा करतो. रिंगच्या भोकात चार ठिकाणी मणी टेकवायचा, त्या चार बिंदूंवरून यंत्र वर्तुळ आणि त्याचं केंद्र काढून देतं. तेरा सेकंद. पुढची रिंग.

नव्या डोक्याचा मणी एकदा टेकला की उचलतच नाही. भोकाच्या भिंतीवरून पूर्ण फेरा घासत जातो आणि दोन-तीन हजार बिंदू घेऊन येतो. याला स्कॅनिंग म्हणतात. वेळ चाळीस सेकंद. रेड्डीगारूंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, लगेच घड्याळाकडे पाहिलं.

"बेसिकली लीला मॅम, आधी तुम्ही चार पॉइंट्सवरून गेस करत होतात," हर्षद म्हणाला.

मी म्हटलं, हौ, अंदाजच. त्या अंदाजावर लाखो रिंगा बाहेर गेल्या. त्यावर तो म्हणाला की माझी मराठी क्यूट आहे. पुण्यात 'हौ' म्हणत नाहीत आणि दस्तखतही करत नाहीत, सही करतात. आमच्या नल्लकुंट्याच्या घरात तीन पिढ्या कचेरीत दस्तखत करत आल्या. क्यूट कुणी म्हटलं नव्हतं.

चार बिंदू ही माझीच योजना होती हे त्याला सांगितलं नाही. पूर्वी आठ घ्यायचो. २०१९मध्ये मी ते निम्म्यावर आणले आणि रेड्डीगारूंनी सगळ्यांसमोर मला पाच लिटरचा कुकर दिला.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीची सुट्टी संपवून आलो तर बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाचं पत्र. ते लोक घरी ऑक्सिजन देणारी यंत्रं बनवतात. कॉम्प्रेसर सहा महिन्यांतच घरघर करतात, दाब पडतो, काही पेशंटांच्या घरून यंत्रं बदलून द्यावी लागली. पत्राबरोबर आमच्या चाळीस रिंगा परत. भोक गोल नाही असा त्यांचा संशय आहे.

सगळ्या कागदांवर माझं दस्तखत आहे. सगळीकडे गोलाईतली चूक एक किंवा दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, परवानगी आठची. याहून गोल काही हवं असेल तर त्यांनी चंद्र बसवून घ्यावा.

२० जानेवारी, सोमवार

हर्षदने परत आलेल्या रिंगा स्कॅन केल्या. स्क्रीनवर चूक हजारपट मोठी करून दाखवतात, तशी डोळ्याला ती दिसतच नाही. वर्तुळाच्या जागी तीन पोटं असलेलं काहीतरी उमटलं. पहिलीला तीन पोटं, दुसरीला तीन. दहावीपर्यंत त्याने 'बेसिकली' म्हणणं सोडलं होतं. गोलाईतली चूक अठरा मायक्रॉन.

मी सांगितलं की यंत्र चुकतंय. चूक यंत्राचीच असणार, कारण दुसरं कुणी चुकलं असेल तर ती मी आहे, आणि ते शक्य नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस नव्या डोक्याची उलटतपासणी घेतली. घरात वकील असल्याचा एवढाच फायदा.

पहिला आरोप वेगाचा. मणी फार जोरात पळवला तर तो उड्या मारतो आणि नसलेले डोंगर दाखवतो. हर्षदला वेग चौथाईवर आणायला लावला. तीन पोटं. दुसरा आरोप मळाचा. रिंगा स्पिरिटने पुसल्या, मणी पुसला. तीन पोटं. मग कपाटातली प्रमाण रिंग काढली, जिची गोलाई प्रयोगशाळेकडून दाखल्यासह आलेली असते. तिच्यावर स्कॅन केला तर गोल, एका मायक्रॉनच्या आत. म्हणजे यंत्राला गोल ओळखता येतो. फक्त आमचा ओळखता येत नाही.

हर्षदने विचारलं की हे सगळं मी कुठे शिकले. मी म्हटलं, गेस केलं.

खोलीत बारा महिने वीस अंश तापमान ठेवतात. बाहेर हैदराबाद भाजत असताना मी आत शाल पांघरून बसते.

३१ जानेवारी, शुक्रवार

तीन जबड्यांचा चक. एवढं साधं. लेथवर रिंग बाहेरून तीन जबड्यांत आवळतात आणि आतलं भोक कापतात. रिंग पातळ. आवळलेली असताना भोक अगदी गोल कापलं जातं. जबडे सुटले की रिंग मोकळी होते आणि भोक तीन ठिकाणी फुगतं. दोन वर्षांपूर्वी, काम लवकर व्हावं म्हणून कापण्याचा वेग वाढवला, रिंग सुटू नये म्हणून चकचा दाबही वाढवला. कागदावर रेड्डीगारूंच्या मेव्हण्याचं दस्तखत आहे, लेथ तेच बघतात.

पण मग माझे चार बिंदू काय करत होते? जेवणाच्या सुट्टीत एकटीने जुन्या पद्धतीने तीच रिंग लावली. टक् टक् टक् टक्. गोलाई एक मायक्रॉन. केंद्र नऊ मायक्रॉन सरकलेलं. कागद-पेन्सिल घेऊन बसले. तीन पोटांच्या आकारावर काटकोनात चार बिंदू घेतले की एका बाजूला जेवढं जास्त भरतं, समोरच्या बाजूला तेवढंच कमी भरतं. बिचारं यंत्र म्हणतं, वर्तुळ उत्तम आहे, जरा बाजूला सरकलंय इतकंच. चार बिंदूंना तीन पोटं दिसूच शकत नाहीत. पाच घेतले असते तरी काहीतरी वास आला असता. आठांना तर नक्कीच दिसलं असतं.

मग रिंग थोडी फिरवून परत लावली. सरकलेलं केंद्र रिंगच्या दुसऱ्याच बाजूला गेलं.

जेवले नाही. डबा तसाच घरी आणला आणि दोडक्याची भाजी आंबली असं खोटं सांगितलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

शिवराजबद्दल लिहायला हवं.

शिवराज उदगीरकडचा, आमच्याकडे नऊ वर्षं लेथवर होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या रिंगांची केंद्रं सरकलेली यायला लागली. नऊपर्यंत सरकलेल्या मी पास करत होते, दहा-अकरावाल्या नापास. नापासांचा ढीग वाढला. एक दिवस तो खोलीत आला, दारात चपला काढून. एका रिंगवर त्याने पेनाने खूण केली होती आणि तीच रिंग दोनदा माझ्याकडे पाठवली होती. म्हणाला, मॅडम, दोन्ही वेळा केंद्र वेगळ्या बाजूला आलंय, जरा माझ्यासमोर फिरवून लावा.

मी सांगितलं, माझ्यापुढे चारशे रिंगा आहेत. आणि अहवालात लिहिलं: 'ऑपरेटर स्वतःची चूक मान्य करण्याऐवजी मोजणीवर शंका घेतो.' वाक्य मला तेव्हा फार नेमकं वाटलं होतं. महिन्याभराने त्याला काढलं.

तो गेल्यावरही केंद्रं सरकतच होती. आम्ही म्हणायचो, शिवराज लेथ बिघडवून गेला.

३ फेब्रुवारी, सोमवार

रेड्डीगारूंच्या केबिनमध्ये बैठक. हर्षदने आलेख दाखवले. रेड्डीगारू शांत माणूस आहेत. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. या रिंगेसाठी स्कॅनिंग सध्या बंद. चकचा दाब गुपचूप कमी. आणि बेंगळुरूला पत्र जाईल की जुन्या ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे दोष आला होता, त्या माणसाला केव्हाच काढलंय. पुरावा म्हणून लीलाम्मांचा २०२३चा अहवाल जोडू. अहवाल खराच आहे, नवं काही बनवायचं नाही. येत्या सोमवारपर्यंत त्यावर नव्याने दस्तखत करून द्या.

मी हर्षदकडे पाहिलं. त्याची प्रोबेशन मार्चअखेर संपते. तो बुटांकडे बघत होता. डेटा बोलतो, डेटा बोलतो असं महिनाभर ऐकवत होता. आज डेटाचा घसा बसला.

घरी गोविंदरावांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. फुकटात एवढं लक्ष देऊन त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, लेखी काही देऊ नकोस. पद्धत कंपनीची होती, तू नोकर.

कायदेशीर सल्ला उत्तम होता. रात्रीचा भात मात्र कच्चा राहिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, म्हणून शहरात कोठी भागात गेले. नल्लकुंट्यात चष्म्याची चार दुकानं आहेत, पण दांडी फार सैल होती.

फॅक्टरीच्या वॉचमनने सांगितलं होतं तसं, दवाखान्यांच्या गल्लीत एकनाथरावांचं चष्म्याचं दुकान सापडलं. मागच्या खोलीत शिवराज काच घासत होता. फ्रेमच्या मापाची काच चाकावर धरून, पाण्याच्या धारेखाली. केस बरेच पांढरे झालेत. मला बघून त्याने चाक थांबवलं आणि बसायला स्टूल दिलं. माझ्या तोंडून 'तुम्ही' निघालं. पूर्वी मी त्याला 'तू' म्हणायची.

मी सगळं सांगितलं. चक, तीन पोटं, चार बिंदू. कारखान्यात दहा जणांना समजवायला आठवडा लागला असता ते त्याला दोन मिनिटांत समजलं. त्याला त्यातलं निम्मं तेव्हाच माहीत होतं.

"शेवटच्या आठवड्यात मी दाब कमी केला होता," तो म्हणाला. "कुणाला न विचारता. काप हळू घेतला, रोजच्या रिंगा कमी निघाल्या. पण तुमच्याकडून एकही परत आली नाही."

मला आठवलं. त्याला आठवायची गरज नव्हती.

"त्यावर तुम्ही अहवालात वाढवलं, नोटीस दिल्यावर दोष गेला, म्हणजे आधी मुद्दाम करत होता," तो म्हणाला. "मेव्हणे साहेबांनी मला वाचून दाखवलं. दोनदा वाचलं, माझं इंग्रजी कच्चं म्हणून."

मी म्हटलं, माझी चूक झाली. हे वाक्य बोलायला मी चर्लापल्लीच्या बसमध्ये पाच दिवस सराव केला होता. बोलल्यावर ते दांडी घट्ट करून द्या म्हटल्याइतकंच लांब वाटलं.

त्याने माफ केलं असं म्हटलं नाही. रागावलाही नाही. सांगितलं की चर्लापल्लीत सगळे मालक एकमेकांना फोन करतात, सात ठिकाणी जाऊन आला, मुद्दाम रिंगा बिघडवणारा म्हणून कुणी उभं केलं नाही. बायको माहेरी उदगीरला जाऊन आठ महिने राहिली, आता परत आलीय. मग म्हणाला, "तोंडी नको मॅडम. तिथे लिहिलं होतं, तर तिथेच लिहा."

माझा चष्मा त्याने नीट करून दिला. दांडी खरंच सैल होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी लवकर गेले. दर आठवड्याच्या पाच रिंगा आम्ही नमुना म्हणून कपाटात ठेवतो, तारखेची चिठ्ठी लावून. कपाटाची किल्ली बावीस वर्षं माझ्याकडे आहे, कपाट कुणाला हवं नसल्यामुळे. शिवराजच्या शेवटच्या आठवड्याच्या पाच काढल्या. स्कॅनिंग बंद ठेवायचा हुकूम होता, म्हणून खोलीचं दार बंद ठेवलं.

पाचही गोल. तीन मायक्रॉन, चार, तीन, तीन, चार. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या कामात अशा किती होत्या ते मला माहीत नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

दुपारी रेड्डीगारूंच्या टेबलावर जुना अहवाल ठेवला नाही. नवा ठेवला, दोन पानांचा. २०१९पासून चार बिंदूंची पद्धत मी सुचवली, ती या रिंगेसाठी अपुरी होती. दोष चकच्या दाबामुळे. २०२३च्या अहवालातले शिवराजविषयीचे निष्कर्ष चुकीचे, ते मी मागे घेते. त्याच्या शेवटच्या आठवड्याचे पाच नमुने सोबत. एक प्रत बेंगळुरूला पाठवली आहे हेही सांगितलं. आधी पाठवली, मग सांगितलं. गोविंदरावांचं एवढं तरी ऐकलंच पाहिजे की कामाचा क्रम महत्त्वाचा असतो.

रेड्डीगारू बराच वेळ वाचत होते. मग तेलुगूत विचारलं, लीलाम्मा, मी तुमचं काही वाईट केलं होतं का? खरंच केलं नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नात ते सहकुटुंब आले होते, पंगतीत शेवटपर्यंत बसले होते.

परत आले तर माझ्या टेबलावर चाळीस रिंगांचे आलेख रचून ठेवलेले. प्रत्येकाखाली हर्षदची सही, तारखेसकट. खोलीत तो नव्हता. कँटीनमध्ये जाऊन बसला होता. त्याच्याबद्दल आतापर्यंत लिहिलेलं खोडत नाही. पुढचं जरा जपून लिहीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोविंदराव माझ्याशी बोलत नाहीत. घर छान शांत आहे. ही डायरी त्याचसाठी होती ना.

३ मार्च, सोमवार

बेंगळुरूच्या लोकांनी गिऱ्हाईकपण सोडलं नाही. दोन वर्षांचा माल परत मागवून तपासा, पेशंटांच्या घरची यंत्रं आम्ही बदलतो, खर्च निम्मा तुमचा, असं ठरलं. म्हणाले, कारण कळलं म्हणून थांबलो. ऑपरेटरवर ढकललं असतंत तर थांबलो नसतो. रेड्डीगारूंनी ही ओळ मला वाचून दाखवली नाही, हर्षदने दाखवली.

मला मालाच्या कागदांवर दस्तखत करण्यावरून काढलं. पगार तोच. आता परत आलेल्या रिंगा एकेक करून स्कॅन करते. रोज चाळीस सेकंदांच्या सहाशे फेऱ्या. घासत जाणारा मणी बघत बसायचं. डोळा लागतो अधूनमधून. हर्षद बघून न बघितल्यासारखं करतो. पुण्यात हेही शिकवतात वाटतं.

गोविंदरावांनी आज विचारलं की शिवराजला कामगार कोर्टात जायचं असेल तर कागद बघू का. वीस दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्यांनी फोन केला. शिवराजने नको सांगितलं, पण माझ्या अहवालाची शिक्क्यासह प्रत मात्र मागून घेतली.

२१ मार्च, शुक्रवार

दाब कमी केला तर रिंग सुटते, वाढवला तर फुगते. मेव्हण्यांना तीन आठवड्यांत मधली जागा सापडली नाही. शेवटी रेड्डीगारूंनी स्वतः कोठीला गाडी पाठवली. परत कामावर या म्हणाले. शिवराजने तेवढं नको म्हटलं. एक दिवस येऊन लावून देतो म्हणाला. समोरच्या गल्लीतल्या एका कारखान्यात पुढच्या महिन्यापासून तो फोरमन म्हणून लागतोय, हे त्याने त्यांना सांगितलं नाही. मला वॉचमनकडून कळलं.

पाहुण्यांच्या कपात त्याला चहा दिला. साडेदहाला लेथवर गेला. जबड्यांवर त्याने रिंगच्या बाहेरच्या गोलाईच्या खोबण्या कापल्या, म्हणजे रिंग तीन ठिकाणी आवळली न जाता सगळीकडून धरली जाईल. दाब खाली आणला. तीन वाजता सहा रिंगा घेऊन खोलीत आला. दारात चपला काढल्या. मी नको म्हणायच्या आत काढल्या होत्या.

मी सहाही स्कॅन केल्या. तीन, दोन, तीन, तीन, दोन, तीन. हर्षदने टाळ्या वाजवल्या आणि मग एकट्याच वाजताहेत हे कळून थांबवल्या. शिवराजने स्क्रीनकडे एकदा पाहिलं, मान हलवली, हात धुवायला कुठे जायचं ते विचारलं. नऊ वर्षं इथे होता. बेसिन आम्ही तिथून हलवलंय.

गेटपर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. बायकोची चौकशी केली, बरी आहे म्हणाला. गेटशी आल्यावर तो वळला आणि त्याने हात पुढे केला. मला भरून आलं. मीही हात पुढे केला.

त्याच्या हातात गेटपास होता. ज्याला भेटायला आलो त्याने दस्तखत केल्याशिवाय वॉचमन बाहेर सोडत नाही.

मी पेन काढलं, दस्तखत केलं आणि खाली वेळ लिहिली. चार वाजून दहा.